नेट वर्थचा आकडा कोण लिहितं?

प्रश्न असा आला आहे: "हॉलिवूडच्या नटनट्यांची नेट वर्थ म्हणून जे आकडे छापून येतात ते खरे असतात का? असतील तर इतका पैसा मिळवून त्यांचं दिवाळं कसं निघतं? आणि त्यांच्या घरातल्या बातम्या बाहेर येतात तरी कुठून?"

हे तीन प्रश्न दिसायला वेगळे आहेत, पण मला ते एकच वाटतात, म्हणून उत्तरही एकत्रच देते. आधी मी कोण ते सांगायला हवं. साताऱ्यात बी.कॉम. केलं, लग्न होऊन इकडे आले, इथल्या परीक्षा देऊन सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखं) झाले आणि गेली बावीस वर्षं लॉस एंजेलिसमध्ये बिझनेस मॅनेजरच्या ऑफिसात काम करते. बिझनेस मॅनेजर म्हणजे जुन्या भाषेत दिवाणजी. एजंट काम आणतो, पब्लिसिस्ट नाव चर्चेत ठेवतो (किंवा चर्चेतून काढतो), आणि आलेला पैसा, बिलं, कर, विमा, नोकरांचे पगार आम्ही बघतो. नटाचा नवा सिनेमा मी पाहिलेला नसतो, पण त्याच्या बंगल्याचं पाण्याचं बिल मला तोंडपाठ असतं.

आता उत्तर. नेट वर्थ म्हणजे मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते. छापून आलेला आकडा बहुतेक वेळा कुणाच्या तरी सोयीचा असतो. खरा आकडा बाहेर येतो तो भांडणात: घटस्फोटात, दिवाळखोरीत, करखात्याशी तंटा झाल्यावर, किंवा माणूस गेल्यावर. एरवी तो आमच्या कपाटात असतो.

समजा बातमी आली की अमक्याला एका सिनेमाचे १ कोटी डॉलर मिळाले. ऐकणारा मनात लगेच रुपये करतो. आम्ही वजाबाकी करतो. एजंटचे १० टक्के. मॅनेजर वेगळा असेल, आणि तो असतोच, तर त्याचे आणखी १०. वकिलाचे ५. आमचे ५. झाले ३० लाख वजा. उरलेल्या ७० लाखांवर केंद्राच्या कराचा वरचा दर ३७ टक्के आणि कॅलिफोर्नियाचा १३.३, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. त्यातही दलाली खर्चात दाखवता यावी म्हणून नट स्वतःची एक छोटी कंपनी काढतो आणि करार तिच्या नावाने करतो. आमच्याकडे तिला 'लोन-आउट' म्हणतात. ती नसेल तर कर अख्ख्या कोटीवर बसतो. सगळं नीट केलं तरी हातात पडतात ३४–३५ लाख. मोठी रक्कम आहे, नाही कोण म्हणतं? पण पुढचं काम तीन वर्षांनी आलं तर ती तीन वर्षांची झाली, आणि घर मात्र कोटीच्या हिशेबाने घेतलेलं असतं.

बरं, हे वरच्या मूठभर लोकांचं झालं. २०२३ मध्ये नटांचा संप झाला तेव्हा सगळीकडे एक आकडा फिरत होता: युनियनचा आरोग्यविमा मिळायला वर्षाला २६,४७० डॉलर कमवावे लागतात आणि बहुसंख्य सभासद तेवढेही कमवत नाहीत. पडद्यावर ओळखीचा वाटणारा चेहरा दिवसा कुठेतरी दुसरी नोकरी करत असतो, हे इथे कुणाला नवीन नाही.

खर्चाचं सांगते. आमच्याकडे मंगळवारी 'चेक रन' असतो, म्हणजे आठवड्याची सगळी बिलं एकत्र काढून चेक निघतात. काही वर्षांपूर्वी एका अशिलाच्या (नाव, गाव सगळं बदलून सांगते आहे) डोंगरावरच्या घराचं गॅसचं बिल मला दर महिन्याला टोचायचं. त्या घरात चौदा महिने कुणी राहिलं नव्हतं. चौकशी केली तर कळलं, पोहण्याचा तलाव रात्रंदिवस तापवून ठेवला आहे. घर सांभाळणाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ते कधीही येऊ शकतात." त्याच घरात दर आठवड्याला ताजी ऑर्किड्स बदलली जात होती, बागेला दोन माळी होते आणि फाटकावर तीन पाळ्यांत पहारा होता. यातला एकही खर्च उधळपट्टी म्हणून सुरू झालेला नव्हता. प्रत्येकाला कारण होतं, आणि प्रत्येक कारणामागे एक माणूस होता ज्याचं पोट त्यावर चालत होतं. कमी करायला गेलं की आधी त्या माणसाचा फोन येतो, मग त्याच्यासाठी अशिलाच्या बहिणीचा.

रॅपर एम. सी. हॅमरने १९९६ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लोक त्याच्या महालाला हसले. मला त्याच्या पगारपत्रकाचं वाईट वाटतं. भरभराटीच्या दिवसांत दोनशेच्या आसपास माणसं त्याच्याकडे कामाला असल्याचं तेव्हा छापून आलं होतं, आणि त्यांतली बरीचशी त्याच्याच गल्लीतली. गावाकडचा एक मुलगा मुंबईत मोठा झाला की त्याच्या खोलीत किती जण मुक्कामाला येतात ते आठवा. मुष्टियोद्धा माइक टायसनने २००३ मध्ये अर्ज केला तेव्हा त्याच्या डोक्यावर २ कोटी डॉलरहून जास्त देणी होती, आणि तोवरची कमाई तीस कोटींच्या घरातली सांगितली जायची.

आमच्या धंद्याचंही सांगायला हवं, नाहीतर हे उत्तर खोटं होईल. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण इथे बाराही महिने चालते. गायक बिली जोएलने १९८९ मध्ये आपल्या मॅनेजरवर ९ कोटी डॉलरचा दावा लावला. तो मॅनेजर त्याच्या आधीच्या बायकोचा भाऊ होता. नट जॉनी डेपने २०१७ मध्ये आपल्या बिझनेस मॅनेजरांवर दावा लावला, की तुम्ही माझे पैसे बुडवले. त्यांनी उलटा दावा लावला, की तूच महिन्याला वीस लाख डॉलर उडवतोस, त्यात दारूचेच तीस हजार. २०१८ मध्ये तडजोड झाली, कुणाचं खरं ते कोर्टाने ठरवलं नाही. पण महिन्याचा दारूखर्च साऱ्या जगाला कळला. आधी म्हटलं ना, भांडण झालं की वही उघडते.

आता नेट वर्थच्या आकड्याकडे. तो येतो कुठून, याचा सगळ्यात चांगला नमुना टीव्हीवरच्या कार्दाशियन घराण्यातली कायली जेनर. मार्च २०१९ मध्ये फोर्ब्स मासिकाने तिला वयाच्या एकविसाव्या वर्षी 'स्वकष्टार्जित अब्जाधीश' ठरवलं. 'स्वकष्टार्जित' या शब्दावर तेव्हा अमेरिकेत जे रण माजलं ते बाजूला ठेवू. मोठ्या बहिणी टीव्हीवर आधीच नाव करून बसलेल्या असताना तो शब्द जरा जास्तच होता, एवढंच म्हणते. मुद्दा हिशेबाचा आहे. तिच्या प्रसाधनांच्या कंपनीची २०१८ ची विक्री ३६ कोटी डॉलर धरली गेली होती. कंपनी खासगी, म्हणजे जमाखर्च लोकांसमोर ठेवायचं बंधन नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये कोटी नावाच्या कंपनीने तिचा ५१ टक्के हिस्सा ६० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. (कंपनीचं नावच कोटी, आपल्याला वाचताना गंमत वाटते.) ही कोटी शेअर बाजारात नोंदलेली, त्यामुळे तिला आपल्या भागधारकांना खरं सांगणं भाग होतं. तिने सांगितलं की मागच्या बारा महिन्यांची विक्री १७ कोटी ७० लाख. एका वर्षात विक्री निम्म्यावर येते का? येऊ शकते, पण फोर्ब्सला ते पटलं नाही. मे २०२० मध्ये त्यांनी अब्जाधीशपद काढून घेतलं आणि आधी आपल्याला दाखवल्या गेलेल्या कागदांवरच शंका घेतली. कायलीने आरोप फेटाळला. मी कधी कुठला किताब मागितला नाही, त्यासाठी खोटंही बोलले नाही, असं तिचं म्हणणं.

खरंखोटं त्यांचं त्यांना. पण एक बघा: ज्या बाईकडे तरीही ९० कोटींच्या आसपास मालमत्ता आहे असं तेच मासिक तेव्हा लिहीत होतं, तिच्यासाठी १०० कोटी हा आकडा इतका महत्त्वाचा का असावा? कारण तो आकडा हा मालाचाच भाग आहे. लिपस्टिक घेणारी मुलगी त्या आकड्यासकट ती घेते. फोर्ब्सची श्रीमंतांची यादी १९८२ मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासून आकडा फुगवून सांगायला पुढे येणारेही आहेत आणि तो लपवायला धडपडणारेही. जुन्या घरंदाज पैशाला यादीत नाव नको असतं. नव्या पैशाला हवंच असतं.

भाड्याच्या दागिन्यांचा किस्सा याच जातीचा. रॅपर फिफ्टी सेंटवर २०१५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ज्युरीने पन्नास लाख डॉलरची भरपाई लादली आणि लगेच त्याने कनेक्टिकटमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कोर्टात साक्ष दिली की गाड्या आणि दागिने बरेचसे भाड्याचे किंवा उसने आहेत. आणि नंतर इन्स्टाग्रामवर नोटांच्या थप्प्यांचे फोटो टाकले. एकात तर नोटा रचून 'कंगाल' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला होता. न्यायाधीशबाईंनी विचारलं, हे काय? त्याचं उत्तर: नोटा खोट्या आहेत, शूटिंगसाठी वापरतात तशा. मला हे उत्तर फार आवडतं, कारण ते बहुधा खरं होतं. आमच्याकडे अशिलाने घातलेलं घड्याळ विम्यात टाकायचं म्हणून पावती मागितली की निम्म्या वेळा उत्तर येतं, "ते परत गेलं." समारंभापुरतं सराफाकडून आलेलं असतं, बरोबर पहारेकरी असतो, रात्री पेटीत परत. सण साजरा होतो आणि ऋणही काढावं लागत नाही.

आता बातम्या कुठून येतात. लोकांना वाटतं कॅमेरेवाले झुडपात बसतात. बसतात, पण सगळ्यात भरपूर माल कोर्टाच्या टेबलावर मिळतो. कॅलिफोर्नियात घटस्फोट मागितला की दोघांना उत्पन्न आणि खर्चाचा एक फॉर्म भरावा लागतो, एफएल-१५०. घरभाडं किती, किराणा किती, मुलांच्या शाळेचे किती, सगळं रकान्यात. खटल्याचे कागद साधारणपणे सार्वजनिक. लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीत हिल स्ट्रीटवर स्टॅनली मॉस्क कोर्ट आहे, तिथे अर्ज दाखल झाला की संध्याकाळपर्यंत बातमी. टीएमझी ही वेबसाइट २००५ मध्ये सुरू झाली, आणि तिचा संस्थापक हार्वी लेव्हिन हा मुळात वकील, हे उगाच नाही. कोर्टाच्या रजिस्टरात काय दडलेलं असतं ते त्याला माहीत होतं. म्हणूनच हल्ली ज्यांना परवडतं ते दोघे मिळून खासगी न्यायाधीश नेमतात. कॅलिफोर्नियात तशी सोय आहे. बाहेर कळतं ते एवढंच, की 'सामोपचाराने' झालं.

दुसरा कागद घराच्या खरेदीखताचा. नट घर स्वतःच्या नावावर घेत नाही. ट्रस्टच्या किंवा एखाद्या निनावी कंपनीच्या नावावर घेतो. पण मालमत्ताकराचं बिल कुठेतरी पाठवावं लागतं, तिथे पत्ता असतो बिझनेस मॅनेजरच्या ऑफिसचा. घरांच्या बातम्या लिहिणारे आमचे पत्ते ओळखतात. कोंबडं झाकलं तरी पिसं बाहेर, अशातला प्रकार.

याचे परिणाम नुसते लाजेपुरते नसतात. २००८–०९ मध्ये लॉस एंजेलिसच्या उपनगरातल्या काही कॉलेजवयीन पोरांनी पॅरिस हिल्टनसारख्या प्रसिद्ध लोकांची घरं फोडली. कोण कधी गावाबाहेर आहे हे त्यांनी गॉसिपच्या बातम्यांवरून काढलं होतं.

तिसरा मार्ग विकत घेतलेली माणसं. इथे मला फॅरा फॉसेटची गोष्ट सांगायचीच आहे. सत्तरच्या दशकातली ही टीव्हीची नटी कर्करोगावर यूसीएलए विद्यापीठाच्या रुग्णालयात उपचार घेत होती, आणि तिची प्रत्येक बारीक गोष्ट नॅशनल एन्क्वायरर या गॉसिपच्या साप्ताहिकात येत होती. तिला वाटायला लागलं की मैत्रिणींपैकी कुणीतरी फितूर आहे. मग २००७ मध्ये रोग उलटल्याचं कळलं तेव्हा तिने ते मुद्दाम कुणालाच सांगितलं नाही. डॉक्टरला माहीत, तिला माहीत. काही दिवसांत बातमी आली. म्हणजे गळती रुग्णालयातूनच होती. चौकशीत एक कर्मचारी सापडली. तिने नवऱ्याच्या नावे चेक घेतले होते, एकूण साडेचार हजार डॉलरच्या आसपास. गुन्हा तिने कबूल केला. मरायला टेकलेल्या बाईला स्वतःच्या आजाराचं आमिष लावून चोर पकडावा लागला, आणि चोरीचा भाव माझ्या अशिलांच्या एका महिन्याच्या ऑर्किडांइतका.

कधी बातमी न छापण्यासाठीही विकत घेतात. २०१६ मध्ये नॅशनल एन्क्वायररच्या मालक कंपनीने डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी संबंध असल्याचं सांगणाऱ्या एका मॉडेलला दीड लाख डॉलर देऊन तिची कहाणी घेतली आणि दाबून ठेवली. २०१८ मध्ये कंपनीने सरकारी वकिलांपुढे ते मान्य केलं. ट्रम्प यांनी संबंध नाकारले आहेत.

चौथा मार्ग सगळ्यांत साधा. 'जवळच्या सूत्रांनी सांगितलं' असं वाचलंत की निम्म्या वेळा ते सूत्र पब्लिसिस्ट असतो. कधी कधी तर आमच्या मीटिंगमध्ये शेजारच्या खुर्चीवर बसून तो मेसेज टाइप करत असतो.

मग खोटं छापणाऱ्यांवर हे नट दावे का लावत नाहीत? १९६४ च्या सुलिव्हन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी अधिकाऱ्यांसाठी ठरवलं, आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध व्यक्तींनाही लागू केलं, की नुसतं खोटं छापलं एवढ्याने भागत नाही. खोटं आहे हे माहीत असून, किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापलं, हे सिद्ध करावं लागतं. विनोदी नटी कॅरोल बर्नेटने ते केलं. रेस्टॉरंटमध्ये ती पिऊन धिंगाणा घालत होती अशा अर्थाचा मजकूर १९७६ मध्ये एन्क्वायररने छापला होता. तिचे आईवडील दारूपायी गेलेले, म्हणून तिला तो जिव्हारी लागला. १९८१ मध्ये ज्युरीने १६ लाख डॉलर दिले, ते पुढे कमी होत होत अपिलात २ लाखांवर आले. कायद्याचं हे कारण खरंच आहे. पण आमच्या टेबलावर दुसरं कारण चालतं: दावा लावला की समोरचा वकील तुमचे कागद मागू शकतो. इभ्रतीचं नुकसान झालं म्हणता? दाखवा, आधी किती कमवत होता. एवढं ऐकलं की बरेच अशील म्हणतात, राहू दे.

खरा पैसा कुणाकडे असतो, असंही कुणी विचारेल. ज्याच्याकडे मालकी असते त्याच्याकडे. दिग्दर्शक जॉर्ज लुकासने सत्तरच्या दशकात जास्त मानधनाऐवजी 'स्टार वॉर्स'च्या खेळण्यांचे आणि पुढच्या भागांचे हक्क स्वतःकडे ठेवले आणि २०१२ मध्ये कंपनी डिस्नेला चार अब्ज डॉलरहून थोड्या जास्त किमतीला विकली. बाकी सगळे, कितीही मोठे असोत, रोजंदारीवरच. रोज मोठा असतो, इतकंच.

मेल्यानंतरचा एक हिशेब सांगते, माझा सर्वात आवडता. मायकल जॅक्सन २००९ मध्ये गेला. वारसाकर भरायचा तर मालमत्तेची किंमत लावावी लागते, आणि त्यात त्याचं नाव आणि चेहरा हीसुद्धा मालमत्ता. व्यवस्थापकांनी विवरणपत्रात त्याची किंमत लिहिली २,१०५ डॉलर. करखात्याने खटल्यात सांगितली १६ कोटी १० लाख. व्यवस्थापकांचं म्हणणं, आरोपांनी नाव इतकं बदनाम झालं होतं की मरतेवेळी कुणी त्याच्या नावावर काही विकायला तयार नव्हतं. २०२१ मध्ये कोर्टाने साडेएकेचाळीस लाखांच्या आसपास ठरवली. जे लोक एरवी त्या नावाची थोरवी सांगून पैसे मिळवतात त्यांनीच करखात्यासमोर शपथेवर सांगायचं की हे नाव कवडीमोल आहे! आम्ही हिशेबवाले यात काही विसंगती पाहत नाही. विकताना एक किंमत, कर भरताना दुसरी.

आता नेट वर्थच्या वेबसाइटी. माझ्या एका अशिलाची, मालिकांत काम करणाऱ्या बाईची (हेही तपशील बदलून), मालमत्ता एका साइटवर ४ कोटी डॉलर दिसायची. खरी होती तीस लाखांच्या आत, त्यातही निम्मं घरात अडकलेलं. पण तिच्या मूळ गावातल्या नातलगांनी तो आकडा वाचला होता. मामेभावाला दुकान काढायचं होतं, मावशीच्या घराचा हप्ता थकला होता, चर्चला छप्पर हवं होतं. एके दिवशी ती ऑफिसात आली, माझ्यासमोर फोन ठेवला आणि म्हणाली, "हा आकडा तुम्ही खाली आणू शकता का?" मी म्हटलं, पत्र लिहून बघते. शेजारी तिचा पब्लिसिस्ट बसला होता, तो जवळजवळ ओरडलाच. पुढच्या महिन्यात नव्या मालिकेची बोलणी होती. आकडा खाली आला तर भावही खाली आला असता.

पत्र गेलं नाही. मंगळवारच्या चेकांत मावशीचा हप्ता आला, तो मी 'कौटुंबिक' या खात्यात टाकला.